उत्तराची अरबी

अरबीच ना? — तुमच्या नातीले अरबीच शिकवाची आहे ना, प्रयागबाई? मले वाटलंच. जावई मस्कतले चालला म्हणून बेस्याहून इथं इंदोऱ्यापर्यंत धावत आल्या. बसा. सून नाही घरी. तिकडं जाणाऱ्या नर्सायच्या होस्टेलवर गेली अरबी शिकवाले, येईल दिवेलागणीले. तोवर माझ्याकडून ऐका — फुकट आहे.

माझा जयवंत कुवेतले गेला तेव्हा ही उत्तरा, त्याची पोट्टी, चार वर्षांची. गेल्या गेल्या बायकोले कळवलं त्यानं — पोरीले अरबी शिकव, तुम्हा दोघीले इकडं बोलावतो, तिथल्या शाळेत टाकू. अन् आमची सून पुष्पलता! पदर खोचला अन् लागली मागं. मोमिनपुऱ्यात एक खाला पोरायले कुराण वाचाले शिकवत, दुपारी त्यांच्याकडे जाऊन आधी स्वतः शिके, मग घरी येऊन पोट्टीले. भिंतीवर कोळशानं अक्षरं, कणकेच्या परातीत बोटानं अक्षरं. पाणी मागाचं तं अरबीत, नाही तं राह्य तहानलेली. पोट्टी घशातून असा आवाज काढे — मले वाटलं मासोळीचा काटा अडकला, भाताचा गोळाच कोंबला मी तिच्या तोंडात! शाळेत स्वतःचं नाव उजवीकडून लिहून आली. शेजारीण म्हणे, मुसलमान करून राहिली काय पोरीले? म्हटलं, बाई, धर्म बदलाचा तो माझ्या सासऱ्यानं दीक्षाभूमीवर बदलला, त्याले काही अलिफ-बे लागलं नाही.

मग आला साहेब सुट्टीवर. स्टेशनवर उतरला — डोळ्यावर गॉगल, हातात टेपरेकॉर्डर. पोट्टी समोर उभी, फ्रॉकचं टोक धरून, मायनं घोटवलेलं म्हणते — मता नझहब, या अबी? अन् तो? तो तिच्या हातावर चॉकलेट ठेवते! तिनं पुन्हा विचारलं. त्यानं अजून एक ठेवलं. ओ की ठो येत नव्हतं त्याले! साइटवर सारे आपल्याच इकडचे, हिंदीत भागे. शेवटी सुनेनंच सांगितलं — ती विचारून राहिली, बाबा, आपण कधी जायचं? खाली पाहाले लागला. हेल्पर होता वं तो. हेल्परले बायको-पोरं नेताच येत नाही तिथं — अन् जायच्या आधीपासून माहीत होतं त्याले! मग काहून लावलं शिकवाले? मीच विचारलं. तं म्हणते कसा, 'वाट पाहाले तिले काहीतरी पाहिजे होतं ना, माय.' वाट पाहाले! मीच जन्माले घातला हा शहाणा, कोणाले सांगू?

रिक्षातून उतरता उतरता सून म्हणाली — 'पोरीनं ज्या भाषेत विचारलं, त्याच भाषेत तिले सांगा. तोवर माझ्याशी बोलू नका.' बस. एवढंच.

परत गेलाच नाही तो. इकडं काम पाहिलं, अन् सांजच्याले घोड्याएवढा माणूस त्या पोट्टीसमोर मांडी घालून! ती छडी घेऊन. घशातलं अक्षर निघेना, खोकल्यासारखं करे. मी हसून हसून — हसत काय होती, तव्यावर भाकर जळे माझी. तं परवा जेवणाआधी पोट्टीले जवळ घेतलं अन् म्हणाला — लन नझहब. नाही जाणार आपण. कधीच नाही. रडली नाही पोट्टी. म्हणे, बाबा, चुकलं, जीभ दातात धरा. अन् पुष्पलतानं त्याच्या ताटात भाजी वाढली, विचारलं, मीठ पाहिजे काय? — मराठीत.

मले कसं समजलं? आता कानाले काय झाकण असते? एकाच खोलीत राह्यतो आम्ही. मी काही शिकाले नाही बसली वं — पोट्टी झोपताना 'जद्दा', म्हणजे आजी, म्हणून हाक मारते, तं ओ नाही देऊ काय?

हो, आणा ना नातीले. सून नाही म्हणणार नाही. पण आधी जावयाले विचारा, खरंच नेणार आहे काय. पोरीच्या देखत विचारा, डोळ्यात पाहून. — काहून उठल्या? अन् हे काय, रडता काहून? म्हणजे तुम्हालेही तीच शंका... गाडी कधीची आहे जावयाची? आज रात्रीची? अन् इथं माझ्या गोष्टी ऐकत बसून राहिल्या? चहा-बिहा काही नाही. निघा, प्रयागबाई. जा!