वैशालीनं काढलेली तीन नावं

वर्गात मी ओरडत नाही म्हणून तुमी हसता ना, तं ऐका. वाशिमच्या कॉलेजात मी कॉम्प्युटरची सी भाषा शिकवतो. सर्क्युलर लिंक्ड लिस्टचं प्रॅक्टिकल होतं. यादी साखळीसारखी, एकेक कडी म्हंजे नोड; शेवटच्या नोडवरून फिरून पहिल्यावर यायचं, एवढंच. सगळ्या पोरायनं आकडे भरले. जऊळक्याच्या वैशालीनं मात्र आपल्या तीन भावायची नावं भरली.

"हे काय वं?" मी विचारलं.

"बाबाले लकवा आहे, सर. एकेक महिना सांभाळायची भावायची पाळी. तिघं झाले की फिरून मोठ्यापाशी येते."

"बरं, एक नोड काढून दाखव."

तिनं मोठ्या भावाचं नाव काढलं. मंग न सांगता दुसऱ्याचं, तिसऱ्याचंही. स्क्रीनवर आलं, यादी रिकामी.

मी चिडलो. "एकच काढ म्हटलं ना! सगळे काहून काढले?"

"प्रोग्राम लिहिला तवा पाळी होती, सर. काल तिघायनंही नाही म्हटलं."

"मंग बाबा कोणापाशी राह्यतीन?"

"माह्यापाशी."

"तं तुहं नाव टाक ना."

खाली पाहून ती म्हणे, "पाळी असते त्यायचं नाव लागते, सर. मी तं रोजच आहो."