वाळूतले आईबाप

नात : आजोबा, ती बादली मोरीत ओतू ना? केव्हापासून तिच्यात डोकं घालून बसलात!

आजोबा : थांब, हलवू नकोस! हे पाणी कुठलं?

नात : लेप माशांच्या टाकीतलं. आजही वर बारीक मणी तरंगत होते. घाण म्हणून जाळीनं काढले. मासे आज समुद्रात परत जायचे, तर टाकी स्वच्छ नको?

आजोबा : अगं, घाण कसली? भिंग आण. पळ!

नात : हे घ्या. काय आहे?

आजोबा : तूच बघ. श्वास रोखून.

नात : काचेची गोळी... आत इवलासा तेलाचा थेंब... आणि मधोमध रेघ!

आजोबा : एकाचे दोन झाले, आता दोनाचे चार होतील. अंडं फळलंय, पोरी! आईनं पाण्यात सोडलं, बापानं पाण्यातच फळवलं.

नात : पण तुम्ही तर अंड्यांसाठी दोन हंगाम तळाची वाळू चाळताय!

आजोबा : काखेत कळसा, दुसरं काय! जन्म गेला तळ्यातल्या माशांत. त्यांची अंडी खाली, गवताला चिकटलेली. म्हटलं, हा तर वाळूत लोळणारा, पाटासारखा चपटा. याची अंडी वर कशी येतील?

नात : म्हणजे रोज मी... आजोबा, मी सगळी मोरीत ओतली!

आजोबा : डोळे पूस. ही मादी एकदाच अंडी घालून थांबत नाही, हंगामभर पुन्हा पुन्हा घालते. चल, ही अलगद बरणीत ओत. बुडतील ती गेली, तरंगतील ती आपली.

नात : थोडी खाली गेली... पण बाकीची बघा, बाकीची बघा ना! पिल्लंही अशीच चपटी असतात?

आजोबा : छे! चारचौघांसारखी उभी पोहतात, दोन्हीकडे एकेक डोळा. मग एक डोळा सरकत सरकत दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसतो, आणि स्वारी आडवी!

नात : डोळा सरकतो? थापा!

आजोबा : तुझ्यासमोर सरकेल. जोडी इथे राहिली, तर दरसाल सरकेल.

ड्रायव्हर : (दारातून, मोठ्यानं) काका, गाडी लावलीय! उचलू का जोडी? साहेब म्हणाले, दोन हंगाम नुसतं खाल्लं नि लोळले.

नात : नाही न्यायची!

ड्रायव्हर : अगं बाई, मग साहेबांना काय सांगू?

आजोबा : तूच सांग गं त्याला.

नात : सांगा, घरात बाळंतीण आहे. आणि काका, जरा हळू बोला.