नवी फाईल, जुनी घंटा

आपल्या कंपनीचे आदरणीय अध्यक्ष बापूसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, रक्तपेढीतून अगत्यानं आलेली मंडळी आणि सहकारी मित्रहो,

निरोपाला गोडच बोलावं, असा रिवाज आहे. पण भुवनेश्वरीताई कंपनी का सोडताहेत, हे गाळून मी काय बोलू?

गेल्या महिन्यात इथल्या रक्तपेढीत आपण फ्रीजच्या घंटेचा नवा प्रोग्राम बसवला. जुना आठ अंशांवर घंटा वाजवायचा. नव्यानं सहालाच वाजवायला हवी होती. उद्घाटनाचे पाहुणे बाहेर चहा घेत होते. तेवढ्यात तिथली तंत्रज्ञ पायल धावत आली.

"ताई, आत सात झालंय, पण घंटा वाजंना की!"

मी संगणकाकडे वळलो. ताईंनी माझा दंड धरला. "गुरुशांत, आधी पिशव्या हलवा."

पिशव्या घेऊन मी दुसऱ्या फ्रीजकडे धावत सुटलो. ताई एवढंच म्हणाल्या, "सावकाश. कुणाचं तरी बाळंतपण हाय त्यात."

सगळ्या पिशव्या वाचल्या. मग चूक सापडली. आपला कोड कुणी वाचू नये म्हणून आपण मूळ फाईल देत नाही, फक्त कंपाइल केलेली, म्हणजे यंत्रालाच वाचता येईल अशी, देतो. नव्या फाईलच्या नावात पायथनची, म्हणजे आपला प्रोग्राम चालवणाऱ्या भाषेची, आवृत्ती होती आणि ती आतल्या कॅशे फोल्डरमध्ये, म्हणजे पायथनच्या तात्पुरत्या साठ्यात होती. मूळ फाईल नसेल, तर पायथन तिथं डोकावतच नाही. बाहेर साध्या नावाची जुनी कंपाइल केलेली फाईल राहून गेली होती. पायथन तीच चालवत होता, म्हणून घंटा आठ अंशांचीच वाट बघत होती. पडद्यावर प्रोग्रामची आवृत्ती मात्र नवी, कारण तो आकडा वेगळ्या फाईलमधून येत होता!

बापूसाहेब, तुम्ही फोनवर म्हणालात, "फ्रीज बिघडला, एवढंच सांगा."

ताई म्हणाल्या, "फ्रीज बिघडला, खरंय. पण आपली घंटा गप्प बसली, तेही खरंय. सांगोल्याच्या रक्तपेढीलाही हेच पॅकेज गेलंय, साहेब."

"त्यांच्याशी करार होईपर्यंत थांबा," तुम्ही म्हणालात.

त्या थांबल्या नाहीत. तिथूनच त्यांनी सांगोल्याच्या रक्तपेढीला फोन लावला. संध्याकाळी त्यांचा पासवर्ड बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा मागितला गेला. तेव्हापासून सांगोल्याची माणसं पाळीपाळीनं फ्रीजसमोर बसून तापमान बघताहेत.

ताई, तुमच्याकडून मी काय शिकलो, हे शब्दांत सांगणं मला जमायचं नाही. जुनी फाईल काढून, नवी साध्या नावानं योग्य जागी ठेवून, रिकाम्या संगणकावर तपासलेलं पॅकेज माझ्या बॅगेत आहे. हा कार्यक्रम संपला की मी सांगोल्याला निघतोय. बापूसाहेब, ही परवानगी मागत नाही, सर्वांसमक्ष कळवतोय.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल, तर पदरात घ्या. जे घडलं ते मात्र तसंच राहू द्या.