छावणीतले दोन भोंगे

आमचं मूळ गाव बिडकीन, पण काय सांगू बेटा तुला, गाव मला नावालाच आठवतं, कारण पोलीस ॲक्शननंतर अब्बांची पलटण मोडली आन् ते छावणीत राहून लग्नाच्या बँडात भोंगा वाजवायला लागले. भोंगा म्हंजी तुमच्या पुस्तकातला ट्युबा, सगळ्यात मोठं पितळी वाद्य, मागून घुम घुम करतं ते. अब्बांनंतर तोच भोंगा माझ्या गळ्यात आला.

लई जड होता. बसक्या गळ्याचा, जरा खरखर करायचा, पण आवाज कसा, जमिनीखालून चालत यायचा. वाजवणाऱ्याची छाती मात्र पुरती पिळून घ्यायचा. पन्नाशीनंतर मला वरातीत चालताना धाप लागायला लागली. बँडाचे मालक रशीदमामू म्हणले, आता भोंगा गफूरला देऊ, तू घरी आराम कर. गफूर झांजा वाजवायचा, तरणाताठा गडी. मी म्हणलं, मामू, घरी बसून मी काय करू, हलका भोंगा आणा, मी वाजवतो. तर त्यांनी मेरठहून नवा मागवला.

मग मामूंच्या खोलीत दारं लावून दोन्ही वाजवून पाहिले. कोणता वाजतोय ते दिसू नाय म्हणून मामू भिंतीकडं तोंड करून बसले. नवा गोड, साफ, एकेक सूर सुटा. जुना त्याच्यापुढं म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा. सगळे म्हणले, नवाच. मला बरं वाटलं, माझी जागा राहिली.

पुढं पैठणची वरात आली. रस्ता मोकळा, गोदावरीचा वारा. आमच्यात ढोलवाले सगळ्यात पुढं, भोंगा शेवटी, आन् पुढच्यांनी पाय उचलायचा तो मागच्या भोंग्यावर. नव्याचा आवाज वाऱ्यातच विरला, पुढं पोचंना. ढोलवाले आपल्या तालात पळाले, आम्ही मागं, मधी नवरदेवाचा घोडा एकटाच. नवरीचे काका म्हणले, काय हो, लग्नं दोन आहेत का? वरात काय खोलीत निघती व्हय, पण हे आमच्या एकाच्याबी डोक्यात आलं नव्हतं.

परतताना टेम्पोत मामू माझ्याकडं बघेनात. नवा ठेवला तर बँड जातो, जुना परत आणला तर मी जातो. शेवटी मीच म्हणलं, मामू, गफूरला द्या, जुनाच द्या. ते म्हणले, आन् तू? मी म्हणलं, ऐकीन.

आता इथं ओट्यावर बसतो. परवा ह्याच रस्त्यानं आमच्या बँडाची वरात गेली, ढोलवाले पार वळणापल्याड गेले तरी पाय सगळ्यांचे संगं पडत होते. गफूरनं मला बघून नुसती मान हलवली, वाजवताना बोलता येत नाय ना. अल्ला त्याचा दम राखो.