दप्तर आणलं, पोरगी राहिली

भुंगा : …अहो, त्या बाई ‘श्वास आत घ्या’ म्हणाल्या, मी घेतला.

डॉक्टरबाई : पाऊण तास?

भुंगा : मध्येमध्ये ‘सोडा’ही म्हणत होत्या.

ताई : अरे, गरोदर बायकांचा व्यायामवर्ग होता तो! दारावर एवढी मोठी पाटी आहे.

भुंगा : तीच वाचत होतो गं. त्यातला ‘ग’ तिरका चिकटवलाय. मग बाकीची वाचायची राहिली.

ताई : बघा डॉक्टर! याचं लक्ष कुठं जातं ते तपासायला आणलं, तर हाच आधी शोधावा लागला. सव्वीस वर्षांचा घोडा माझा भाऊ. भुंगा म्हणतो आम्ही याला, उगीच नाही.

भुंगा : माझा श्वास सगळ्यांत चांगला होता म्हणे.

डॉक्टरबाई : असू दे. काम काय करता?

भुंगा : वॉशिंग मशीन दुरुस्त करतो.

ताई : करतो? परवा एका आजोबांकडे गेला. मशीनमागं बुद्धिबळातला हरवलेला उंट सापडला, तर त्यांच्याशी तीन डाव खेळून आला. मशीन होतं तसंच!

भुंगा : त्यांनी पुन्हा बोलावलंय.

ताई : मशीनसाठी नाही! मालकानं सांगितलंय, आता डॉक्टरची चिठ्ठी आण, नाहीतर येऊच नकोस.

डॉक्टरबाई : बरं. मी आकडे सांगते, तुम्ही उलटे म्हणा. सात, दोन, नऊ, चार.

भुंगा : चार, नऊ… तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय.

डॉक्टरबाई : पुढचे दोन?

भुंगा : पंखे?

ताई : मीही हसून सोडून देत आले, डॉक्टर. पण सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी याला माझ्या मुलीला आणायला शाळेत पाठवलं. सहा वर्षांची आहे. यानं दप्तर आणलं, पाण्याची बाटली आणली, तिनं काढलेलं चित्रही आणलं. पोरगी फाटकातच!

डॉक्टरबाई : ते कसं काय?

भुंगा : तिनं सगळं माझ्या हातात दिलं आणि बुटाची लेस बांधायला वाकली. तेवढ्यात समोर क्रेननं सोफा वर चढवत होते. तिसऱ्या मजल्यावर. सोफ्यावर माणूस बसलेला होता, डॉक्टर. पेपर वाचत.

ताई : घरी येऊन मलाच म्हणतो, ‘किती जड असतं गं हिचं दप्तर!’ मी विचारलं, ती कुठंय? तर हा दप्तर उघडून बघायला लागला.

भुंगा : घाबरलो होतो गं.

ताई : तासभर वॉचमनपाशी रडत बसली होती ती. तेव्हाच ठरवलं, आता हा तिला आणायला जाणार नाही.

भुंगा : मी जातो की.

ताई : कुठं?

भुंगा : शाळेपाशी. सुटायच्या अर्धा तास आधी जाऊन उभा राहतो. अंगवळणी पडावं म्हणून.

ताई : अरे, शाळा बंद आहे!

भुंगा : ते चौथ्या दिवशी वॉचमननं सांगितलं.

डॉक्टरबाई : आणि पाचव्या दिवशी?

भुंगा : गेलो. एवढी लागलेली सवय मोडली असती. ते आता माझ्यासाठी स्टूल काढून ठेवतात.

ताई : मला बोलला नाहीस कधी.

भुंगा : तूच म्हणालीस, शाळेचं नाव काढू नकोस.



डॉक्टरबाई : तपासणी अजून बरीच व्हायची आहे, घाई नको. आज एकच शेवटचं विचारते. हे सगळं तुम्ही मुद्दाम करता, असं तुम्हाला वाटतं का?

भुंगा : लहानपणापासून सगळे तेच सांगतात, तेव्हा करत असेन. पण कधी सुरू करतो, ते सापडत नाही हो. सापडलं असतं तर थांबवलं असतं.

डॉक्टरबाई : हाच प्रश्न घरच्यांनी भरायच्या कागदावरही आहे. ताई, तुम्ही काय लिहिलंय?

ताई : मघाशी बाहेर बसून ‘हो’ लिहिलं. पेन द्या जरा.