नाव कुणी काढलं

सरूबाई : न्हाय सर, च्या नको. च्या घेतला की बोलायचं ऱ्हाऊन जाईल.

जोतीराम सर : अहो, उभ्यानं कसलं बोलणं? बसा त्या पेटीवर. खुर्च्या कालच टेंपोत गेल्या. सोमवारी इंदापूरच्या शाळेत हजर व्हायचंय.

सरूबाई : म्हणूनच आले. प्रगतीचं सांगायचं हाय. माझी पोरगी, तुमच्याकडं खो-खोला यायची. तीन वर्सं झाली.

जोतीराम सर : प्रगतीला विसरेन का मी? चौऱ्याण्णवच्या उन्हाळी शिबिरात आली, अंगानं जड. अर्धी फेरी झाली की फतकल मारायची. मग शाळा सुटल्यावर रोज मैदानावर. दिवाळीपर्यंत खांबाला अशी वळायला लागली की बघत राहावं.

सरूबाई : तवाच मी तिला काढली.

जोतीराम सर : काढली? मामाकडं कन्हेरीला गेली होती ना?

सरूबाई : माजघरात बसली व्हती. तिच्या वर्गातली सृष्टी तुमचा निरोप घिऊन आली, तिला दारातनंच खोटं सांगितलं मी.

जोतीराम सर : पण का, ताई?

सरूबाई : न्हाऊ घालताना गळ्याखालचं हाड हाताला लागलं. तिच्या आदी मला म्हाळसा झाली व्हती, सर. आमी मेंढरं घिऊन कोकणात उतरलो तवा दीड वर्साची. हगवण लागली. वाळत वाळत गेली. शेवटी शेवटी घ्यायला गेलं की हाडंच लागायची. आता भाजीचा मळा झाला, दारात म्हैस हाय, आन पोरीचं हाड दिसतंय!

जोतीराम सर : अहो, ती वाळत नव्हती. काटक होत होती.

सरूबाई : आता कळतंय वो. तवा तिला म्हणलं, खेळ बंद. ती ऐकंना. रडली, जेवली न्हाय. मग मी म्हणलं... सर, रागवू नका.

जोतीराम सर : बोला.

सरूबाई : म्हणलं, तुझ्या सरांनीच तुझं नाव काढलंय. जाड्या पोरी संघात नको म्हणले.

जोतीराम सर : माझ्या तोंडी घातलंत?

सरूबाई : व्हय.

जोतीराम सर : मी कुणाला कधी वजनकाट्यावर उभं केलं नाही, ताई. पोरी लाजतात. धाप किती लागते तेवढं बघायचो. म्हणून रस्त्यात दिसली की मान फिरवायची होय!

सरूबाई : आता शाळंला जाती तेवढंच, येरवी घरातनं निघत न्हाय. ताटात चतकोर घेती, आन मागनं एकटी डब्यातलं खाती. हिरीपातुर चालली तरी दम लागतोय. परवा दवाखान्यात न्हेली. डाक्टर म्हणले, हिला खेळायला का पाठवत न्हाय?

जोतीराम सर : मीही कन्हेरीचं खरं मानून बसलो. सायकलवर पाच मिनिटांचं तुमचं घर. सामना जवळ आलेला, दुसरी मुलगी मिळाली आणि राहून गेलं.

सरूबाई : तुमी जायच्या आदी तिला सांगा, मी म्हणलो न्हवतो म्हणून.

जोतीराम सर : येतो मी. पण सांगायचं तुम्ही.

सरूबाई : ती माझं तोंड बघायची न्हाय.

जोतीराम सर : काही दिवस नाही बघणार. चला.

(सरूबाईचं अंगण. प्रगती वांगी निवडते आहे. सरांना पाहून उठू लागते.)

जोतीराम सर : बस, बस. आईला काही सांगायचंय.

सरूबाई : प्रगे, सरांनी तुझं नाव काढलं न्हवतं. त्ये मी माझ्या मनानं बोलले.

प्रगती : जाडी म्हणले ते?

सरूबाई : त्ये बी मीच.

प्रगती : का?

सरूबाई : वाटलं, तू बी म्हाळसासारखी वाळायला लागलीस.

प्रगती : मला किती भूक लागायची तवा, आई. खेळून आले की दोन भाकरी खायची. तुला दिसलं न्हाय?

सरूबाई : हाड दिसलं बाई. भाकरी न्हाय दिसली.

जोतीराम सर : मी घरी येऊन विचारायला हवं होतं, प्रगती. चुकलं माझं.

प्रगती : सामन्यात माझ्या जागी कोण खेळलं?

जोतीराम सर : सृष्टी.

प्रगती : पळती का?

जोतीराम सर : पळते. चांगली पळते.

प्रगती : मग बरं झालं.

जोतीराम सर : अजून दोन संध्याकाळी आहे मी इथं. उद्या येतेस?

प्रगती : समदी बारकी पोरं असतील आता.

जोतीराम सर : असतात.

प्रगती : मग ती घरी गेल्यावर येते, सर.