एक्केचाळीस हजार प्रश्न

काका : हे कुणाला खरं वाटणार नाही, आणि तुम्हा दोघींना तर मुळीच नाही. म्हणून तर सांगतोय. खरं वाटण्यासारखं सांगायला माणसाला रिटायर व्हावं लागत नाही.

सिस्टर : आजोबा, मी गोष्ट ऐकायला दोन जिने उतरून आले नाही. वर अकरा बायका बसल्यात. डॉक्टरांना त्यांचे मागचे स्कॅन हवेत. गाठ वाढली की आटली, ते जुना फोटो शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. आणि तुमची पुतणी म्हणते, फोटो आहेत पण दिसत नाहीत. हे काय उत्तर झालं?

पुतणी : खरंच तसं आहे, सिस्टर. या कपाटात अठ्ठेचाळीस डिस्क आहेत. फोटो सगळे आत आहेत. पण कुणाचा फोटो कुठं ठेवलाय याची आत एक यादी असते, ती काल वीज गेली तेव्हा विस्कटली.

सिस्टर : मग लाव की नीट. साहेब म्हणाले, एक कमांड दिली की काम होतं, तूच अडून बसलीयेस.

पुतणी : आहे ना कमांड. ती प्रत्येक गोंधळापाशी थांबते आणि विचारते, हे असं जुळवू का? आपण ‘हो’ म्हटलं की जुळवते आणि आधीचं पुसून टाकते. चुकीचं जुळलं तर परत फिरता येत नाही. म्हणून मी आधी सगळ्याची जशीच्या तशी नक्कल काढतेय, त्या पलीकडच्या रिकाम्या कपाटात. जी काय ढवळाढवळ करायची ती नकलेवर. नक्कल उद्या संध्याकाळी पुरी होईल.

सिस्टर : साहेब तर आज पाच म्हणतायत.

पुतणी : पाचपर्यंत केलं नाही तर बाहेरून माणूस बोलावणार आहेत. तो येईल, सगळ्या प्रश्नांना एकदम ‘हो’ ठोकेल आणि जाईल. मला उद्यापासून येऊ नको म्हणालेत.

काका : शब्दाला शब्द तेच. चिमट्यालाही असंच सुनावलं होतं.

सिस्टर : आता हा चिमटा कोण?

काका : होता एकजण, आमच्या वेळी, याच खोलीत. इतका किडकिडीत की दोन कपाटांच्या मधून पत्रासारखा सरकायचा. आणि कान असा तयार, की बाहेर सायकलला कुलूप लावता लावता सांगायचा, आज सात नंबरची डिस्क खोकतेय. आत येऊन बघावं तर सात नंबरचा दिवा लाल.

सिस्टर : आमच्या जुन्या मेट्रनबाई सांगायच्या अशा एका सायकलवाल्याचं. तो स्वतःबद्दल बोलायला लागला की चहा दोनदा गार व्हायचा म्हणे.

काका : सायकली तेव्हा पुष्कळांकडे होत्या. ऐका. एकदा अशीच यादी विस्कटली. चिमट्यानं कमांड दिली, मशीननं पहिला प्रश्न विचारला. चिमट्यानं तो वाचला, विचार केला, ‘वाय’ दाबलं. मग दुसरा. तेव्हाचे मोठे साहेब मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, किती प्रश्न आहेत? चिमटा म्हणाला, एक्केचाळीस हजार. साहेब हसले. त्यांनी टेबलावरचा स्टेपलर उचलला आणि सांगितलं की हा आडवा ठेव, त्याचं नाक बरोबर ‘वाय’वर येतं. मशीन विचारत राहील, स्टेपलर हो म्हणत राहील, तू जेवून ये. सगळीकडे असंच करतात.

सिस्टर : करतात असं?

पुतणी : करायचे. स्टेपलर, पेपरवेट, कुणी तर कुलूप ठेवायचं. आता कमांडलाच सांगता येतं की सगळ्याला हो धर. गोष्ट तीच.

काका : चिमट्यानं काय केलं असेल? स्टेपलर घेतला, खिडकीतून बाहेर भिरकावला.

पुतणी : काका, तळघराला खिडकी नाही.

काका : तेव्हा होती. बुजवली नंतर, त्या स्टेपलरमुळेच. साहेब दुसरा आणायला गेले. तेवढ्यात यानं ‘वाय’चं बटणच उपटलं आणि गालात ठेवलं. खाली जो खुंट राहिला, तो टाचणीच्या डोक्यानं दाबायचा. साहेब विचारतायत, बटण कुठंय? हा गप्प. बोलणार कसा? तीन दिवस बोलला नाही. एकेक प्रश्न वाचायचा, कागदी रजिस्टरशी ताडायचा आणि मग टोचायचा. साहेबांनी नोकरीवरून काढल्याचं पत्र आणून समोर ठेवलं, तर त्याच्याच पाठीमागे आकडेमोड केली पठ्ठ्यानं. दुसऱ्या दिवशी मशीनलाच लाज वाटायला लागली. प्रश्न हळू विचारायला लागलं.

सिस्टर : हळू म्हणजे?

काका : म्हणजे अदबीनं. तिसऱ्या दिवशी शेवटचा प्रश्न आला, यानं टोचला, सगळे फोटो जागच्या जागी. एक हरवला नाही. मग त्यानं गालातलं बटण काढलं, पुसलं, जागेवर बसवलं, आणि तोंड उघडून पहिला शब्द काय बोलला माहितीये?

सिस्टर : ते राहू द्या. पावणेपाच झालेत. मला एक सांग गं, हा बाहेरचा माणूस येऊन चुकीचं जुळवून गेला, तर होईल काय? फोटो जाईल?

पुतणी : गेला तर बरं, निदान नाही हे कळेल. एकीचा फोटो दुसरीच्या नावावर गेला तर? वर तुम्हाला ओळखता येईल?

सिस्टर : जुन्या फोटोवर नाव कुठं असतं? नुसती तारीख आणि वेळ. आणि गाठीला काही आडनाव नसतं. कुणालाच कळणार नाही. डॉक्टर म्हणतील, बाई, तुमची आटली, घरी जा.

पुतणी : म्हणून मी अडून बसलेय.

(फोन वाजतो.)

पुतणी : हो साहेब, मीच बोलतेय. नाही, दिली नाही कमांड. देणारही नाहीये. समजलं मला, समजूनच नाही म्हणतेय. बोलवा त्यांना. येऊ देत. पण दार मी आतून लावलंय आणि नक्कल पुरी होईपर्यंत उघडणार नाही. हो, काढल्याचं पत्र द्या ना, त्याच्यावर सही करते मी. फक्त पत्रात हेही लिहा की साहेबांनी सगळ्याला हो म्हणायला सांगितलं होतं. तेवढं वाक्य घाला, मग हवं तिथं सही करते. नाही साहेब, आवाज चढवलेला नाही, पंख्यांचा आवाज आहे. कोण? सिस्टर इथंच आहेत. देते.

सिस्टर : बोला साहेब. आतच आहे मी, दार लावलेलं मला आत्ता कळतंय. हो, त्या अकराजणी बसल्यात अजून. मी त्यांना परवाची वेळ देते. चिडतील, मला बोलतील, बोलू देत. डॉक्टरांना मी सांगते. नाही, मी तिला काही समजावणार नाहीये. तुमचा माणूस आला तर त्याला आधी वर माझ्याकडे पाठवा, त्याला अकरा नावं वाचून दाखवते, मग बघू तो काय दाबतो ते. फोन ठेवलाच त्यांनी.

पुतणी : सिस्टर, तुम्हाला यात पडायची गरज नव्हती.

सिस्टर : बत्तीस वर्षं झालीत मला इथं. आता मला काढायचं तर त्यांना कारण शोधायला दोन माणसं लागतील. दार उघड, वर जाऊन शिव्या खाऊन येते. माझ्यामागं लगेच लावून घे.

काका : बघितलंत सिस्टर? कशी ठणकावून बोलली. अगदी चिमट्यासारखी. अहो, घराण्यातच आहे.

सिस्टर : म्हणजे चिमटा तुम्हीच.

काका : आता तुम्ही ओळखलंच आहे, तर लपवून काय करू. मीच.

पुतणी : तेवढं खरं आहे, काका.

काका : तेवढं म्हणजे?

पुतणी : त्या दिवसाची नोंद अजून आहे. मशीनं तीनदा बदलली, पण तेव्हा ज्यांना कुणाचंच नाव लागलं नाही त्या फोटोंचा कप्पा जसाच्या तसा पुढे येत राहिला आणि त्यातच ती नोंद आहे. एक्केचाळीस हजार प्रश्न, सगळ्यांना हो, तेवीस मिनिटांत. टाचणीनं होत नाही ते, काका, स्टेपलरनं होतं. मी रोज जेवणाच्या सुट्टीत त्या फोटोंच्या तारखा-वेळा जुन्या रजिस्टरशी ताडत बसते. आतापर्यंत नऊशे बारा जणींची नावं लागलीत.